दिवा कुणाच्या नकाशातला?

पुढच्या तासाला वर्गात गेल्यावर एकदा मान वर करून छताकडे पाहा. दोन किंवा चार पंखे दिसतील आणि ट्यूबलाइटच्या पट्ट्या. काही वर्गांत ही ट्यूबलाइट नेमकी पंख्याच्या पात्यांच्या वर आलेली असते. पंखा सुरू झाला की पाती प्रकाश कापू लागतात आणि खालच्या बाकावरच्या वहीवर सावल्यांची फडफड सुरू होते. मुले तक्रार करीत नाहीत. थोडी सरकून बसतात.

ही चूक कुणाची? विचारायला गेलो तर कुणाचीच नाही. पंख्याचा हूक स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांना बांधावा लागतो. त्याची जागा स्लॅबचे काम करणाऱ्याने ठरवली, खोलीचे समान भाग पाडून. दिव्याची जागा काही महिन्यांनी वायरमनने ठरवली, फळ्याचे आणि बाकांचे अंतर पाहून. दोघांचेही आपापले गणित बरोबर होते. फक्त दोघांनी एकमेकांचा कागद पाहिला नव्हता.

छत ही इमारतीतली अशी एकच जागा आहे की जिथे सगळ्यांनाच काहीतरी टांगायचे असते. मोठ्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत फॉल्स सीलिंगची एखादी टाइल उचलून पाहिली तर वर तुळया, हवेचे डक्ट, पाण्याचे पाइप, आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या नळ्या, विजेचे ट्रे आणि दूरध्वनीच्या तारा यांची दाटी दिसते. खाली मात्र दिवे, हवेच्या जाळ्या, फवारे आणि धुराचे संवेदक एका ओळीत शिस्तीने बसलेले असतात, किंवा तसे बसावेत अशी अपेक्षा असते. ही शिस्त आणण्याचा खटाटोप सव्वाशे वर्षे चालू आहे, आणि तो संपला असे आजही म्हणवत नाही.

आधी नकाशाबद्दल थोडेसे. जमिनीचा नकाशा काढणे सोपे, आपण वरून खाली पाहतो. छताचा नकाशा कसा काढायचा? मुलांना वर्गाच्या छताचा नकाशा काढायला सांगा, गंमत येईल. जो मुलगा जमिनीवर उताणा झोपून, डोके उत्तरेला करून काढेल त्याच्या कागदावर पूर्व डावीकडे येईल. आकाशाच्या नकाशात उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येते, त्याचेही कारण हेच. पण इमारतीच्या कामात असा नकाशा घातक ठरेल, कारण जमिनीच्या नकाशावर ठेवला तर पूर्वेकडचा दिवा पश्चिमेला जाईल. म्हणून वास्तुशिल्पी एक युक्ती करतात. सगळ्या जमिनीवर आरसा पसरला आहे असे समजायचे आणि त्या आरशात वाकून पाहताना छत जसे दिसेल तसे काढायचे. आरशातल्या प्रतिमेत पूर्व उजवीकडेच राहते आणि दोन्ही नकाशे एकावर एक बसतात. या नकाशाला छताचा परावर्तित नकाशा म्हणतात. खगोलाच्या अभ्यासकाने आणि वास्तुशिल्प्याने एकाच वर पाहण्याला दोन उलट संकेत द्यावेत याची आम्हांला नेहमी मौज वाटते.

आता मुख्य भांडणाकडे. छतातली खरी दांडगी वस्तू म्हणजे हवेचा डक्ट. तार बोटाएवढी, पाण्याचा पाइप मनगटाएवढा आणि डक्टमध्ये मात्र लहान मूल शिरेल, असे का? हे गणित नववीच्या मुलांना करता येते. एका वर्गात ४० मुले आहेत. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते, म्हणजे वर्गात ४,००० वॅट. ही उष्णता १० अंश थंड हवेने वाहून न्यायची असेल, तर एका घनमीटर हवेचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे १,२०० जूल लागतात हे धरून, सेकंदाला एक तृतीयांश घनमीटर हवा लागेल. डक्टमधून ती सेकंदाला ५ मीटर वेगाने आणली तर डक्टची बाजू २६ सेंटिमीटर येते. हेच काम १० अंश थंड पाण्याने केले तर सेकंदाला १०० घनसेंटिमीटरपेक्षा थोडे कमीच पाणी पुरते आणि सेंटिमीटरभर व्यासाची नळी चालते. समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता वाहते. ऊन आणि यंत्रे यांची उष्णता अजून आपण धरलेलीच नाही. तुळईखालून डक्ट, डक्टखालून पाइप, त्याखाली दिवा असे करीत गेले की मजल्याची उंची वाढते, आणि उंची म्हणजे पैसा.

विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. ती माणसांसाठी नव्हती, कागदासाठी होती. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. माणसांसाठी बांधलेल्या इमारतींत हा प्रश्न लवकर ओळखला तो फ्रँक लॉइड राइट यांनी. बफेलो शहरातली लार्किन कंपनीची कचेरी १९०६ मध्ये पूर्ण झाली. शेजारून रेल्वे जात असे आणि काजळी आत येई, म्हणून इमारत बंद करून हवा यंत्राने आत घ्यायची ठरली. राइट यांनी हवेचे उभे मार्ग कामाच्या जागेतून काढले आणि कोपऱ्यांतल्या जिन्यांच्या मनोऱ्यांशी नेऊन ठेवले. म्हणजे भांडण सोडवले नाही, भांडणाऱ्यांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या. ही इमारत १९५० मध्ये पाडली गेली.

१९२८ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे २१ मजल्यांची मायलम इमारत उभी राहिली. संपूर्ण वातानुकूलित असलेली ही पहिली उंच कचेरी-इमारत मानतात. १९३८ मध्ये फ्लुरोसंट नळ्या बाजारात आल्या. आता खिडकीपासून दूरही काम करता येऊ लागले, इमारती जाड झाल्या आणि उजेड व हवा दोन्ही वरून द्यावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काचेच्या कचेऱ्यांत या सगळ्यावर टाइलचे टांगलेले छत घालून पडदा ओढला गेला. पडद्यामागे काय गोंधळ आहे हे कुणाला दिसत नव्हते, आणि तेच सोयीचे होते.

लुई कान यांना ते सोयीचे वाटले नाही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या विटांच्या कमानी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे नाव ठाऊक असेल. कान यांना पाइप आणि डक्ट मनापासून आवडत नसत, आणि म्हणूनच, ते म्हणत, त्यांना हक्काची जागा दिली पाहिजे. नाहीतर ते घुसखोरी करून इमारत बिघडवतात. येल विद्यापीठाच्या १९५३ सालच्या कलादालनात त्यांनी काँक्रीटचे छतच त्रिकोणी पोकळ्यांचे केले आणि त्या पोकळ्यांतून हवा व वीज नेली. पुढे फिलाडेल्फियातील रिचर्ड्स प्रयोगशाळांत पाइप उघडे ठेवले. वास्तुशिल्पी खूश झाले, शास्त्रज्ञ नाही. उन्हाच्या तिरिपीला कंटाळून त्यांनी खिडक्यांना आतून काहीबाही चिकटवले, आणि उघड्या पाइपांवर साचणाऱ्या धुळीबद्दल कुरकूर केली. आम्ही स्वतः प्रयोगशाळेत आयुष्य काढलेले असल्याने या भांडणात आमचे मत कुठे पडेल हे सांगायला नको.

या अनुभवानंतर कॅलिफोर्नियातील ला होया येथे पोलिओची लस शोधणाऱ्या जोनास साल्क यांच्या संस्थेसाठी कान आणि अभियंते ऑगस्ट कोमेंडंट यांनी सरळ एक वेगळी वाट घेतली. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्यावर एक पूर्ण मजला फक्त नळ-तारांसाठी आहे. सुमारे ९ फूट उंचीचा, माणूस उभा राहून काम करू शकेल असा. खाली प्रयोग चालू असताना वर नवा पाइप जोडता येतो. उपाय उत्तम आहे. फक्त प्रत्येक मजल्याला दुसरा मजला बांधण्याइतका पैसा असावा लागतो.

ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांची, म्हणजे शाळांची, गोष्ट आम्हांला जास्त मोलाची वाटते. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात युद्धानंतर घाईने शाळा बांधायच्या होत्या. तिथल्या वास्तुशिल्प्यांनी जमिनीवर ८ फूट ३ इंचांची जाळी कल्पून सगळे भाग त्या जाळीत बसतील असे कारखान्यात बनवून घेतले. इंग्लंडमध्ये राहून हा प्रकार अभ्यासलेले एझ्रा एहरनक्रांट्झ अमेरिकेत परतले आणि १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात शालेय बांधकामाचा एक प्रकल्प सुरू झाला. पैसा फोर्ड प्रतिष्ठानाच्या मदतीने चालणाऱ्या एका संस्थेचा होता. स्पुटनिकनंतरचा तो काळ; अमेरिकेत शिकवण्याच्या पद्धती बदलत होत्या, आज ३० मुलांचा वर्ग तर उद्या १० मुलांचा गट अशी भाषा होती. म्हणजे भिंती हलत्या हव्या. पण भिंत हलली की दिवा कुणाच्या खोलीत, हवेची जाळी कुणाच्या खोलीत?

एहरनक्रांट्झ यांनी १३ शालेय मंडळांना एकत्र आणले, म्हणजे कारखानदारांना भरवशाचे गिऱ्हाईक मिळाले. मग सांगाडा, वातानुकूलन, दिवे-छत आणि हलत्या भिंती यांसाठी स्वतंत्र निविदा मागवल्या. इथे दोन नव्या अटी होत्या. पहिली, वस्तू कशाची बनवावी हे न सांगता तिने काय काम करावे एवढेच सांगितले होते: बाकावर इतका उजेड, इतका कमी आवाज, इतकी ताजी हवा. दुसरी अट आमच्या विषयाची. प्रत्येकाने आपला माल दुसऱ्या कुणाच्या मालाशी कसा जुळतो हे निविदेतच दाखवायचे. दिवेवाल्याला सांगाडेवाल्याकडे जाऊन बसावे लागले. सगळ्यांना बांधणारी जाळी ५ फुटांची होती. दिवा, जाळी आणि भिंत कुठेही गेली तरी ५ फुटांच्या घरातच जाणार, मग टक्कर कशी होणार? आज आपल्याकडच्या कचेऱ्यांत ६०० मिलिमीटरची चौकोनी टाइल, तेवढाच दिवा आणि तेवढीच हवेची जाळी दिसते, ती याच विचाराच्या कुळातली. जागेवर भांडण होण्याऐवजी ते आधी, टेबलावर, एकदाच करून घ्यायचे.

सगळ्याच इमारती अशा बांधल्या जात नाहीत. बाकीच्यांसाठी पारदर्शक कागद होता. जुन्या कचेऱ्यांत खालून दिवा लावलेले काचेचे टेबल असे. वास्तुशिल्प्याच्या ट्रेसिंगवर अभियंत्याचे ट्रेसिंग ठेवून कोण कुणाला छेदते ते पाहायचे. कागद हवेतल्या ओलाव्याने ताणतो, म्हणून पुढे पॉलिएस्टरची फिल्म आली, तिला कडेला छिद्रे पाडून खुंट्यांवर अडकवू लागले, म्हणजे केसभरही सरकायला नको. पण वास्तुशिल्प्याने सोमवारी दिवा हलवला आणि अभियंत्याकडे शुक्रवारचीच अमोनिया प्रिंट असली तर टेबलाचा काही उपयोग नाही.

याचे मूळ कारण १९७५ मध्ये चार्ल्स ईस्टमन यांनी नेमके मांडले. ते कार्नेगी-मेलन विद्यापीठात होते. इमारतीची तीच वस्तू नकाशात, छेदात आणि दर्शनी चित्रात पुन्हा पुन्हा काढली जाते. एकदा बदल झाला की तो दहा ठिकाणी करावा लागतो आणि नववे ठिकाण राहून जाते. त्यांनी सुचवले की संगणकात चित्रे ठेवूच नयेत, इमारतच ठेवावी: प्रत्येक तुळई, प्रत्येक दार, त्याचा आकार, जागा आणि गुणधर्म यांच्यासह. नकाशा ही त्या एकाच साठ्यातून हवी तेव्हा काढलेली प्रत. त्याचे बीज १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत केलेल्या स्केचपॅडमध्ये होते. तिथे एका मूळ आकृतीत बदल केला की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलत. ईस्टमन यांची कल्पना पुढे रेव्हिटसारख्या प्रणालींतून घरोघरच्या संगणकांवर आली. रेव्हिट २००० मध्ये विक्रीला आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ती विकत घेतली.

मग प्रश्न संपायला हवा होता. सगळ्यांनी एकाच साठ्यात काम करावे, झाले. प्रत्यक्षात तसे झाले नाही. वास्तुशिल्प्याची प्रतिकृती वेगळी राहिली आणि अभियंत्याची वेगळी. असे का, हे समजून घ्यायला एक भयंकर अपघात पाहावा लागतो.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू होता. दालनावरून जाणारे पूल छताला लोखंडी दांड्यांनी टांगलेले होते. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल. ते दोन्ही कोसळले आणि ११४ माणसे मेली. मूळ नकाशात एकच लांब दांडी छतापासून खालच्या पुलापर्यंत जात होती आणि दोन्ही पूल तिच्यावर वेगवेगळ्या नटांनी टेकलेले होते. बनवताना मजल्याएवढ्या लांबीवर आटे पाडणे अवघड, म्हणून कारखान्याच्या नकाशात एका दांडीच्या दोन झाल्या: वरची छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, आणि खालची त्या पुलापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत.

वर्गात हे दाखवता येते. एका दोराला दोन मुले लोंबकळली तर प्रत्येकाच्या मुठीवर फक्त स्वतःचे वजन येते. पण वरच्या मुलाने दोर धरला आणि खालच्याने वरच्याचे पाय धरले, तर दोरावरचा एकूण भार तोच राहतो, वरच्याच्या मुठीवर मात्र दुप्पट येतो. मुलांना न टांगता दोन वजने, दोरा आणि स्प्रिंगचे काटे घेऊन प्रयोग करावा. हॉटेलात ती मूठ म्हणजे चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट. चौकशीत असेही दिसले की मूळ रचनाही नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच होती. बदलाने उरलेली कसर काढून घेतली. बदललेल्या कागदावर अभियंत्यांची मान्यता होती, पण त्या जोडाचे गणित पुन्हा कुणी केले नव्हते. अभियंत्यांचा परवाना गेला.

म्हणजे वस्तू कुठे आहे एवढे कळून भागत नाही. तिची जबाबदारी कुणाची हेही नोंदलेले असावे लागते. दिव्याची जागा वास्तुशिल्पी ठरवतो, कारण खोली कशी दिसेल ते त्याला कळते. त्याच दिव्याला किती वीज, कोणत्या सर्किटमधून, हे विद्युत अभियंता ठरवतो आणि खाली सही करतो. दुसऱ्याने रात्रीतून हलवलेल्या दिव्याखाली त्याची सही राहता कामा नये. आमच्या मते दोन प्रतिकृती टिकल्या त्या या सहीमुळे; संगणकाची ताकद हे कारण दुय्यम आहे.

रेव्हिटमधली तडजोड अशी आहे. अभियंता वास्तुशिल्प्याची प्रतिकृती आपल्या प्रतिकृतीला जोडतो. ती त्याला दिसते, पण बदलता येत नाही. तिच्यातले दिवे आणि हवेच्या जाळ्या तो आपल्याकडे नकलतो, आणि प्रत्येक नकलेवर जणू एक पहारेकरी बसतो. मूळ दिवा सरकला किंवा काढून टाकला की पहारेकरी सूचना देतो. अभियंत्यापुढे चार उत्तरे असतात: नंतर पाहू, हा बदल अमान्य, फरक राहू दे, किंवा माझा दिवाही हलव. संगणक आपण होऊन काहीच हलवत नाही. ईस्टमन यांनी नकला नष्ट करायच्या म्हटले होते. इथे नकल जाणूनबुजून केली जाते, फक्त तिला तिचे मूळ आठवत राहते. यातही फटी आहेत. वास्तुशिल्प्याने दिवा न हलवता पुसून नवा बसवला, तर संगणकाच्या लेखी तो दुसराच दिवा असतो आणि पहारेकरी जुन्याचीच वाट पाहत राहतो. शिवाय सूचना शेकड्यांनी येऊ लागल्या की ‘नंतर पाहू’ हे उत्तर बोटाच्या सवयीचे होते.

याची झळ आम्हांला लागलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही नव्या इमारतीत गेलो. आमच्या खोलीत आम्ले आणि द्रावके हाताळायची धूरपेटी आहे. तिच्या तोंडातून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा आत ओढली जाते, म्हणून वाफा आपल्या नाकाशी येत नाहीत. गेल्यानंतर आठवड्याभरातच आंबूस वास येऊ लागला. पंखा तपासला, नीट होता. शेवटी एका विद्यार्थिनीने उदबत्ती पेटवून पेटीच्या तोंडाशी धरली. धूर आत जाण्याऐवजी खाली दबून बाहेर आमच्याकडे वळला. वर पाहिले तर पेटीच्या अगदी समोर छतात थंड हवेची जाळी, आणि तिचा झोत पेटीच्या तोंडावरून आडवा जात होता. दिव्यांची ओळ सरळ दिसावी म्हणून वास्तुशिल्प्याने ती जाळी हलवली होती. अभियंत्याच्या प्रतिकृतीत ती जुन्याच जागी होती, सूचना आलेली होती, आणि ती पुढे ढकललेली होती. मजुरांनी छत बसवले ते वास्तुशिल्प्याच्या नकाशाप्रमाणे.

जाळी दोन टाइल पलीकडे, म्हणजे १.२ मीटर, सरकवायची होती. मिस्त्रीला ते काम एका दुपारचे होते. आधी कोणत्या नकाशात दुरुस्ती करायची आणि तिच्याखाली सही कुणी करायची, हे ठरायला पाच महिने लागले. तोवर आम्ही जाळीला पुठ्ठा चिकटवून काम केले, आणि रोज सकाळी उदबत्ती लावली.